उमेदवार आधी की पक्ष? बांबोळीच्या खुरसासमोरची शपथ आणि आपले मत

धागालेखिका, वसई:
जानेवारी २०२२ मध्ये गोव्यात काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रूसापाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. तशी वेळ आली, कारण जुलै २०१९ मध्ये त्या पक्षाचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले होते. शपथेला आठ महिने होतात न होतात तोच, सप्टेंबरमध्ये, नव्या ११ पैकी ८ आमदारांनी तीच वाट धरली. बांबोळीला मी अनेकदा थांबले आहे. वाऱ्यात विझणारी मेणबत्ती तळहाताच्या आडोशाने पुन्हा पेटवणारी माणसे, त्यांत हिंदूही, तिथे नेहमी दिसतात, म्हणून ती बातमी मला फार लागली.

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, अधिकारी कसे निवडावेत ते सांगतो: देवाचे भय बाळगणारे, खरे बोलणारे आणि लाचेचा तिटकारा असलेले. कुळाचा उल्लेख त्यात नाही. माझी विनंती एवढीच आहे की आपण ख्रिस्ती मतदारांनी चिन्ह पाहण्याआधी माणूस पाहावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथपत्रात जाहीर करावे लागते, आणि ते कोणालाही वाचता येते. गेल्या निवडणुकीत चर्चमधल्या रविवारच्या मिस्सानंतर आम्ही घरच्यांनी जेवणाच्या टेबलावर ती शपथपत्रे वाचली. एका उमेदवाराच्या पाच वर्षांपूर्वीच्या आणि आताच्या जमिनीचे आकडे शेजारी ठेवल्यावर माझे सासरे, जे आयुष्यभर एकाच चिन्हावर शिक्का मारत आले, बराच वेळ काही बोलले नाहीत.

प्रतिसाद, निवृत्त शिक्षक, मडगाव:
ताई, कळकळ पोचली, पण हा विचार मला अपुरा वाटतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षादेश (व्हिप) मोडून मतदान करणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे तुमचा सज्जन उमेदवार सभागृहात गेला की हात वर करायचा की नाही हे पक्ष ठरवणार. कर्नाटकात २०२२ साली धर्मांतरविरोधी कायदा झाला. त्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत वैयक्तिक आयुष्यात स्वच्छ असलेली माणसे नव्हती असे मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी सरकार बदलले आणि जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. हा फरक पक्षाने पडला, कोणा एकाच्या शीलाने नव्हे. शिवाय शपथपत्र उमेदवार स्वतःच भरतो. ज्याला खुरसासमोर खोटे बोलवते, तो कागदावर खरे लिहील कशावरून?

प्रतिसाद, तरुण मतदार, अहिल्यानगर:
मला दोघांचेही पटत नाही. आधी आपला माणूस आत गेला पाहिजे. आपल्या दफनभूमीच्या जागेचा प्रश्न दुसरा कोण मांडणार?

धागालेखिका:
भाऊ, दफनभूमीचा प्रश्न खरा आहे, पण धर्माच्या नावाने मत मागणे हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, आणि तीच गोष्ट दुसऱ्यांनी केली की आपण दुखावतो.

सर, पक्षादेशाचा मुद्दा मी मान्य करते; तो माझ्या लेखात यायला हवा होता. पण तोच कायदा दोनतृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर त्यांना संरक्षण देतो. १५ पैकी १० आणि ११ पैकी ८ हे आकडे नेमके त्या मर्यादेत बसतात. तुम्ही जाहीरनामा पाहून पक्षाला मत दिले आणि माणसेच पक्षासह विकली गेली, तर त्या जाहीरनाम्याचे काय करायचे? पंधराव्या स्तोत्रात, स्वतःचे नुकसान झाले तरी दिलेला शब्द न मोडणारा मनुष्य परमेश्वराच्या मंडपात राहील, असे म्हटले आहे. पक्षाचे धोरणसुद्धा अशाच माणसाच्या हाती टिकते.

प्रतिसाद, निवृत्त शिक्षक, मडगाव:
स्तोत्र मलाही प्रिय आहे. तरीही शपथ मुळीच वाहू नका, तुमचे होय ते होय असावे, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे, हे विसरू नये. त्या दिवशी खुरसाचा उपयोग पक्षाने आपल्या सोयीसाठी केला आणि आपण त्याला भक्ती समजलो, याची मला अधिक खंत वाटते.

धागालेखिका:
हे मला सुचले नव्हते. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) निवडणुकीपूर्वी सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना सभागृहात बोलवावे, शपथ कोणालाही घालू नये, आणि बायबलमधील संदेष्टा शमुवेल याने निरोप घेताना लोकांना विचारलेला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा असे मी सुचवणार आहे: मी कोणाचा बैल घेतला, कोणाच्या हातून लाच घेतली?

प्रतिसाद, निवृत्त शिक्षक, मडगाव:
त्याला माझा एक प्रश्न जोडा. पक्षादेश तुमच्या सदसद्विवेकाच्या विरुद्ध आला, तर राजीनामा देऊन पुन्हा आमच्यासमोर मत मागायला याल का? उत्तर द्यायला कोण किती वेळ घेतो, ते मला कळवा.