क्रॉफिशला मिठाची आंघोळ: हा उपद्व्याप कशासाठी?

बायूकाठचा
परवा इथे कुणीतरी ह्यूस्टनच्या नवख्या मंडळींना सल्ला दिलाय: जिवंत क्रॉफिश (गोड्या पाण्यातले, छोट्या शेवंडासारखे, अख्खे उकडून खायचे) उकडण्याआधी टबात ओता, 26 औंसांचा मिठाचा अख्खा डबा रिकामा करा, अर्धा तास ठेवा, 'पोटातली घाण ओकून टाकतात'. वर सगळ्यांचं वाहवा वाहवा!

ओकत वगैरे काही नाहीत. आतडं रिकामं होतं ते उपाशी ठेवल्यावर. काही उत्पादक 'पर्ज' करतात म्हणजे चारा बंद करून एक-दोन दिवस स्वच्छ, खेळत्या पाण्यात ठेवतात. एलएसयूच्या (लुईझियाना राज्य विद्यापीठाच्या) कृषी विस्तारवाल्यांनीही मिठाचा आतड्यावर परिणाम होत नाही, नुसतं बाहेरून धुतलं जातं, हे कधीच सांगून झालंय.

क्रॉफिश ज्या पोत्यात येतात ते बंद असतानाच पाइपाने सगळीकडून धुवा. मग टबात ओता, बुडतील एवढं पाणी, हाताने हलवा, लगेच ओतून द्या. तीन-चार वेळा, पाणी जवळपास नितळ येईपर्यंत. गवत, आमिषाचे माशांचे तुकडे, मेलेले क्रॉफिश तेव्हाच वेचा. बास.

खडेमीठ
मीठ घातल्यावर पाणी चॉकलेटी होतं ते काय भास आहे? लुईझियानात पिढ्यानपिढ्या करतात. ते सगळे येडे, शहाणे फक्त तुम्ही.

बायूकाठचा
भातखाचराच्या तळ्यातला चिखल कल्ल्यांत आणि पायांच्या बेचक्यांत बसलेला असतो, साध्या पाण्यातही तो सुटतोच. दोन टब घ्या, एकात मीठ, एकात नको, अन् मग सांगा कुठलं पाणी जास्त गढूळ. आणि अर्धा तास साचलेल्या पाण्यात 30-35 पौंड क्रॉफिश कोंबले तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मरतात त्यानेच, दोष मात्र विकणाऱ्याला.

चिंबोरी_मालवण
हेच आइस चेस्टचं, म्हणजे बर्फाच्या पेटीचं. लोक पोत्यावर बर्फ ओततात आणि खालचं बूच बंद ठेवतात. बर्फ वितळला की खालचा थर त्या पाण्यात गुदमरतो. बूच उघडं, चेस्ट जरा कलती, पोतं ओलं. कल्ले ओलसर असले की पाण्याबाहेर छान जगतात.

बाकी एवढं रामायण कशाला? शेपटीतला काळा धागा खाताना ओढून टाकायचा. कोळंबीचा काढतोच ना?

खडेमीठ
धागा काढल्यावर डोक्यातलं पिवळं चोखणार ना? ते काय धागा आहे?

चिंबोरी_मालवण
ते यकृत-स्वादुपिंड, आतडं नव्हे. चवीचा ऐवज तोच. मेलेल्यात त्यातलेच पाचकरस शेपटीत उतरून मांस पिठूळ करतात, म्हणून मेलेले उकळायच्या आधी काढायचे. उकळल्यावर शेपूट सरळ दिसली म्हणून मात्र फेकत सुटू नका, पातेलं गच्च भरलं तरी शेपूट वळत नाही. मांस घट्ट आहे का बघा.

लसूण_लोणी
मिठावर भांडताय, आणि खरा गुन्हा कुणालाच दिसत नाही! उकडून काढल्यावर चेस्टमध्ये घालून वरून कोरडा मसाला भुरभुरवतात. तो कवचावर राहतो: बोटं झोंबतात, ओठ पेटतात, मांस फिक्कं ते फिक्कंच.

बायूकाठचा
शंभर टक्के. मसाला पाण्यात हवा. क्रॉफिश घातल्यावर पुन्हा उकळी येऊ द्या, तीन मिनिटं, गॅस बंद. मग गोठवलेली कणसं किंवा बर्फाची पिशवी टाका म्हणजे शिजणं थांबतं. 20-30 मिनिटं मुरवा. पाणी शोषून तळाला बसले की काढा. जास्त उकळलं की मांस कवचाला चिकटतं, सोलताना तुकडे पडतात.

लसूण_लोणी
मुरवाच, पण नंतर लसूण-लोण्यात घोळवाही. ह्यूस्टनच्या व्हिएतनामी हॉटेलांनी तेच केलं आणि लोकांनी रांगा लावल्या.

बायूकाठचा
लोणी कवचावरच राहतं की! मसाला बाहेर नको आणि लोणी चालतं, हे कुठलं तर्कशास्त्र?

लसूण_लोणी
शेपूट सोलून त्याच लोण्यात बुडवायची असते, साहेब. कोरडी पूड बुडवून दाखवा.

बायूकाठचा
बरं, बुडवा. पण पातेल्यात कमी मुरवून लोण्याने झाकणारेच जास्त आहेत.

चिंबोरी_मालवण
आणि 60 क्वार्टच्या (साधारण 57 लिटरच्या) पातेल्यात अख्खं पोतं कोंबणारे? दोन घाणे करा की. उकळी परत यायला वेळ लागला की खालचे गाळ होतात, वरचे कच्चे.

खडेमीठ
ठीक आहे, मीठ आतडं साफ करत नाही. जिंकलात, मखरात बसा. मी डबा ओतणारच, फक्त दोन मिनिटांत पाणी फेकेन.

बायूकाठचा
फेका, पण हिरवळीवर नको. मिठाने गवत जळतं.