मदत हवी आहे : वाचनालयातल्या गट-अभ्यासाच्या खोलीसाठी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ‘ड’ वर्ग (सरकारी वर्गवारीत सगळ्यात लहान) वाचनालयात मी संध्याकाळी अभ्यासिका सांभाळतो. जुन्या वर्तमानपत्रांची मागची खोली रिकामी करून आम्ही ती पोरापोरींना एकत्र अभ्यासाला दिली.

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. आता एकट्यानं वाचून भागत नाही. उत्तर लिहायचं आणि दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. पोरं वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात अन् समोरासमोर बसूनही पाच जण पाच मोबाइलांत डोळे घालतात. परवा एका मुलीनं चूक दाखवायला स्क्रीनवर बोट ठेवलं तर फोटोच सरकला. शेवटी वहीच मधे ठेवली, सगळे वाकले अन् तासभर मस्त चर्चा रंगली. सगळ्यांना एकच पान दिसलं पाहिजे, हे तेव्हा पटलं.

देणगीतून ३२ इंची टीव्ही मिळतो आहे. पण नेट फक्त खिडकीपाशी येतं, आणि लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. म्हणून बालभारतीची पीडीएफ पुस्तकं अन् किविक्स या ॲपवरचा, नेटशिवाय वाचता येणारा विकिपीडिया जुन्या लॅपटॉपवर टाकून, साध्या राउटरनं सगळ्यांच्या मोबाइलवर द्यायचा विचार आहे. कोणी हे केलंय का? एका वेळी किती मोबाइल चालतात? टीव्ही, लॅपटॉप, राउटर दोन तास चालायला इन्व्हर्टर-बॅटरी केवढी लागेल?

आणखी एक. पोलीस भरतीवाले आणि राज्यसेवावाले, दोघांनाही खोली सातलाच हवी असते. तुमच्याकडे वेळ कशी वाटून देता?