लिंगनबेरी आणि आमची करवंदं

कोणीतरी विचारलंय, स्वीडनमधली लिंगनबेरी (छोटं, लाल, आंबट रानफळ) इतकी टिकते कशी? त्या फळात बेन्झोइक आम्ल मुळातच असतं, म्हणून बुरशी सहजी धरत नाही. पूर्वी तिकडे ती नुसत्या पाण्यात बुडवून बरणीत ठेवत. क्रॅनबेरी तिचीच नातलग, तिच्यातही हे आम्ल असतं.

आमच्याकडे गोव्यात करवंदांना मात्र मीठच लागतं. एप्रिल-मे मध्ये म्हापशाच्या बाजारात पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं येतात, ती दोन दिवसांत मऊ पडतात. लोणच्याला हिरवी, कडक घ्यावीत. देठ काढला की पांढरा चीक येतो, बोटांना चिकटतो. म्हणून हाताला तेल लावून चिरा, बिया काढा आणि मिठात घालून ठेवा. मोहरी-मिरचीची फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओता. माझ्या मते आंब्याच्या लोणच्यापेक्षा हे सरस!

एल्डरबेरीचं (तिकडच्या एका झुडपाची बारीक काळी फळं) सरबत करणाऱ्यांनी एक नक्की लक्षात ठेवा: ती कच्ची खाऊ नका. बियांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, नीट शिजवूनच वापरा.

डोंगरावरच्या करवंदाच्या जाळ्या प्लॉटसाठी भराभर तोडल्या जाताहेत, याचं फार वाईट वाटतं. कुंपणाला तरी दोन झाडं लावा, पाणी फारसं लागत नाही.