जॅम बँडचा स्टुडिओ अल्बम: खरं गाणं कुठलं धरायचं?

कोमलनिषाद

नमस्कार मंडळी. प्रश्नाआधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

माझा भाचा अमेरिकेत व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टनला शिकतो. फिश हा जॅम बँड, म्हणजे कार्यक्रमात गाणं ऐनवेळी सुचेल तसं वाढवत नेणारा बँड, तिथलाच, १९८३ साली तिथल्याच विद्यापीठात सुरू झालेला. भाचा त्यांच्या पूर्ण नादी लागलाय. त्याने मला त्यांचा जुलै २०२४ मध्ये आलेला 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम पाठवला आणि म्हणाला, "मावशी, तू ऐक आणि खरं खरं सांग."

मी ख्याल गाते, ३१ वर्षं शिकतेय. पार्ल्यात घरी आणि आठवड्यातून तीन दिवस गिरगावात शिकवते. अल्बम ऐकला तो स्वयंपाक करताना, कुकरच्या शिट्ट्या मोजत. बारा गाणी. फोनवर त्याला म्हटलं, "गोड आहे रे, पण यात विस्तार कुठाय? गाणं जरा रंगात येतंय तोवर संपतंय." तो गप्पच झाला. मग म्हणाला, "विस्तार ऐकायचा तर लाइव्ह ऐक," आणि एक लिंक पाठवली. गाणं 'ट्वीझर', ३१ जुलै २०१३ चं, लेक टाहोच्या कार्यक्रमातलं. लांबी सुमारे ३७ मिनिटं! हेच गाणं त्यांच्या १९९२ च्या अल्बमवर नऊ मिनिटांच्या आत संपतं.

अर्धवट ऐकून मत दिलं याचं मला फार वाईट वाटतंय. माझ्या गाण्याबद्दल कुणी असं केलं असतं तर मला लागलं असतं. तो डिसेंबरात येतोय, त्याच्याआधी नीट ऐकायचंय. म्हणून विचारते: या लोकांचं खरं गाणं कुठलं धरायचं, अल्बममधलं की कार्यक्रमातलं? आणि खरं कार्यक्रमातलं असेल, तर हे स्टुडिओत जातात कशाला?

कट्टा_गिटार

ताई, अल्बम सरळ बाजूला ठेवा. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये या चौघांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला १३ रात्री वाजवलं आणि एकही गाणं दुसऱ्यांदा घेतलं नाही. ३१ डिसेंबर १९९९ ला फ्लोरिडात मध्यरात्री वाजवायला लागले ते उजाडेपर्यंत थांबले नाहीत. अशा माणसांना चार मिनिटांच्या गाण्यात काय शोधायचं?

त्यांच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज बँडच विकतो. शिवाय श्रोत्यांना स्वतःचा माइक लावून रेकॉर्ड करायची मुभा आहे, त्यासाठी वेगळी तिकिटंही असतात. म्हणजे मूळ माल कुठला हे बँडनेच सांगितलंय ना?

आम्ही चार मित्र अंधेरीला तासाच्या भाड्याने जॅमरूम घेतो. तिथे शेवटच्या वीस मिनिटांत जे होतं ते आम्हाला रेकॉर्डिंगला एकदाही जमलेलं नाही. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की आमचा ड्रमर मोजून मापून वाजवायला लागतो.

रात्रपाळी

कट्टा_गिटार, तुमचं प्रेम दिसतंय, पण अल्बम बाजूला ठेवा हे मला पटत नाही. मी ३४ वर्षं दादर आणि अंधेरीच्या स्टुडिओंत रेकॉर्डिस्ट होतो. लाल दिव्याने घट्ट झालेले ड्रमर खूप पाहिले. तो दोष दिव्याचा नाही, कानात हेडफोन घालून एकेकट्याला वेगळ्या काचेच्या खोलीत बसवण्याचा आहे.

कोमलनिषाद, तुमचा प्रश्न मला १९९२ पासून पडलेला आहे. तेव्हा आमच्या चाळीतला एक दादा मर्चंट नेव्हीत होता. ओकलंड बंदर करून आला तेव्हा त्याच्या बॅगेत ग्रेटफुल डेड या अमेरिकन जॅम बँडच्या तीन कॅसेटी होत्या. दुकानातल्या नव्हेत. कुणीतरी कार्यक्रमात बसून रेकॉर्ड केलेल्या, वर बॉलपेनने तारीख. तिकडे हा मोठाच प्रकार होता. १९८४ पासून त्या बँडने माइकवाल्या श्रोत्यांना बसायला वेगळी जागाच नेमून दिली होती.

कॅसेट ९० ची, म्हणजे एक बाजू ४५ मिनिटं. पहिल्या बाजूच्या शेवटी गिटार वर वर चढत चालली होती, आता कुठे पोचते म्हणून मी श्वास रोखून बसलेलो, आणि खट्! बाजू संपली. उलटी करून लावली तर संगीत भलत्याच ठिकाणी. रेकॉर्ड करणाऱ्याने तिकडे कॅसेट उलटवली तेवढ्यात दहाएक सेकंद गेलेले. ते दहा सेकंद मी पुढची कित्येक वर्षं लोकलमध्ये उभ्याउभ्या मनात भरत होतो. दर वेळी गिटार आणखी वर न्यायचो.

मग इंटरनेटवर त्याच रात्रीचं दुसऱ्या कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग सापडलं. सलग. तो क्षण आला आणि ऐकतो तर गिटार चढलेलीच नाही. ती थांबलीय. दहा सेकंद एकटा बास चाललाय, दोन सुरांवर, अगदी सावकाश, आणि बाकी सगळे त्याला वाट देऊन उभे. माझ्या कॅसेटवर बास हा फक्त घुमारा होता, सभागृहाच्या आवाजात विरघळलेला. इतकी वर्षं मी त्या बँडचा बास ऐकलाच नव्हता.

तेव्हापासून मी त्यांचे स्टुडिओ अल्बम ऐकायला लागलो. कोण काय वाजवतंय हे तिथे कळतं, आणि ते कळल्यावर मैफलीतल्या गर्दीतही तो माणूस सापडतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर अल्बम म्हणजे बंदिश, शब्द आणि जागा नीट बसवलेली. कार्यक्रमात तिचा विस्तार.

आणि लहान म्हणजे उणं असं तुम्ही तरी म्हणू नका. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' साडेतीन मिनिटांची आहे, आणि १९७७ साली अंतराळात व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी गेली तीत तीच आहे. लक्ष्मीबागेत त्या काळी रात्र रात्र गाणी व्हायची, ती गेली. उरलं आपल्या हातात हे तीन-साडेतीन मिनिटांचं. त्यात काय नाही सांगा.

ग्रेटफुल डेडचं 'डार्क स्टार' १९६८ मध्ये आलं तेव्हा तीन मिनिटांच्याही आत होतं. पुढच्या वर्षी 'लाइव्ह/डेड' या अल्बमवर तेच २३ मिनिटांचं झालं. दोन्ही लागोपाठ ऐका. तीन मिनिटांत जो एक छोटा स्वरसमूह घाईने निघून जातो, २३ मिनिटांत सगळे त्याच्याभोवतीच फिरताहेत.

काचेच्या खोल्यांचा प्रश्न त्यांनाही पडला होताच. १९८७ च्या 'इन द डार्क'साठी त्यांनी एक रिकामं सभागृह घेतलं, मंचावर नेहमीसारखी मांडणी केली आणि मूळ वादन तिथेच एकत्र रेकॉर्ड केलं. शिवाजी मंदिर रिकामं मिळालं असतं तर आम्हीही काही गोष्टी तशा केल्या असत्या, फार इच्छा होती माझी. फिशचा 'सिग्मा ओअॅसिस' (२०२०) सुद्धा चौघांनी एकत्र बसून वाजवलेला आहे. त्यांच्या गिटारवाल्याचा, ट्रे अनास्टॅसिओचा, व्हरमाँटमध्येच एका जुन्या लाकडी कोठारात स्टुडिओ आहे, तिथे.

आता 'इव्हॉल्व्ह'बद्दल. यातली बरीच गाणी आधी कार्यक्रमांत वाजलेली आहेत, म्हणजे विस्तार आधी आणि बंदिश नंतर नक्की झाली. 'लोनली ट्रिप' घ्या. ट्रेने २०२० च्या लॉकडाउनमध्ये एकट्याने याच नावाचा अल्बम केला होता, त्यात हे गाणं आहे. ते आधी ऐका, मग 'इव्हॉल्व्ह'मधलं. एकट्या माणसाने घरी गुणगुणलेलं चौघांचं झालं की त्याचं काय होतं ते ऐका. पहिल्यांदा फक्त बासवर कान ठेवा, दुसऱ्यांदा फक्त पेटीवर, म्हणजे पेज मॅककॉनेलच्या पियानोवर. कुकर बंद असताना.

झपताल

रात्रपाळी, कॅसेटीची गोष्ट वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. पण बंदिश-विस्ताराला माझी हरकत आहे. तबला वाजवतो म्हणून जास्तच खटकलं.

ख्यालात कितीही लांब जा, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तुमची वाट बघत असते. मुखडा घेऊन यावंच लागतं, राग सुटत नाही, ठेका सुटत नाही. फिशचे श्रोते जॅमचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात गाण्याचे सूर आणि ताल धरून वाढवायचं. तिथे तुमची उपमा चालेल. दुसऱ्यात गाण्याची चौकटच सोडायची: सूर बदलतो, लय बदलते, आणि बऱ्याचदा मूळ गाण्याकडे परत येतच नाहीत, तसेच पुढच्या गाण्यात शिरतात. गाण्यांच्या यादीत दोन नावांमध्ये बाणाची खूण असते ती याचीच. बडा ख्याल गाता गाता सम न गाठता कुणी दुसऱ्याच रागातल्या तराण्यात शिरलं तर आपल्याकडे श्रोते उठून जातील. तिकडे त्याच्यासाठी लोक गावोगाव बँडच्या मागे फिरतात.

म्हणून कोमलनिषाद, विस्तार शोधू नका. चौघं एकमेकांचं किती ऐकतात ते शोधा. फिशची तालमीतली एक रीत मला फार आवडते. एकाने छोटासा तुकडा सुरू करायचा, बाकी तिघांनी आपापला तुकडा त्यात बसवायचा. बाकीच्या सगळ्यांचं नीट ऐकू येतंय आणि सगळं जुळलंय असं वाटलं की प्रत्येकाने 'हे' म्हणायचं. चारही 'हे' आले की पुढच्याने काहीतरी बदलायचं, की पुन्हा पहिल्यापासून. वर्षानुवर्षं त्यांनी हे केलंय. मी माझ्या दोन विद्यार्थ्यांना असं बसवून पाहिलं, एकाकडे कायदा आणि एकाकडे लग्गी, हे तबल्यातले दोन वादनप्रकार. पहिला 'हे' यायला पाऊण तास लागला, कारण दोघंही आपलाच हात ऐकत होते.

आणि एक आपल्या घरचं. ग्रेटफुल डेडचा ढोलवाला मिकी हार्ट १९६७ साली तबलावादक अल्लारखाँसाहेबांना भेटला आणि तिथून त्याचं मोजणंच बदललं. 'लाइव्ह/डेड'वर 'द इलेव्हन' आहे, अकराच्या हिशोबाचं. पुढे माहीमच्या झाकीरभाईंबरोबर त्याने १९७६ मध्ये 'दिगा' केला, १९९१ मध्ये 'प्लॅनेट ड्रम'. झाकीरभाई गेले त्या डिसेंबरात मी आठवडाभर 'दिगा'च लावून होतो. दुसरं काही लावायला हात धजेना.

रात्रपाळी

झपताल, हरकत मान्य. बंदिश हा शब्द मागे घेतो. बासचं मात्र म्हणणं तेच.

कोमलनिषाद

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर तुम्ही सांगितलं तसं ऐकलं.

'लोनली ट्रिप' दोन्ही ऐकलं. एकट्याच्या अल्बममध्ये तो स्वतःशीच बोलतोय असं वाटतं. चौघांच्या अल्बममध्ये शब्द तेच, पण आता कुणीतरी समोर बसून ऐकतंय. बासवर कान ठेवला आणि पहिल्यांदा कळलं की माझ्या कानाला खालचं काही ऐकायची सवयच नाही. मी तानपुरासुद्धा षड्जाच्या वरच ऐकत आलेय की काय, अशी शंका आली. दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनींना दहा मिनिटं काही न गाता नुसता खर्ज ऐकायला बसवलं.

मग मंगळवारी ३७ मिनिटांचं. पार्ल्याला स्लो लोकल सुटली तेव्हा लावलं. दादरपर्यंत मी चुकत होते, सारखी सम शोधत होते. महालक्ष्मीच्या आसपास सोडून दिलं. आणि तिथेच ते सुरू झालं: चौघं वाजवता वाजवता एकदम थांबतात, अगदी क्षणभर, आणि त्या रिकाम्या जागेत हजारो लोक एकाच वेळी 'वू' ओरडतात. पुन्हा वादन, पुन्हा रिकामी जागा, पुन्हा 'वू'. पहिल्यांदा ती जागा बहुतेक आपसूक पडली असावी. नंतर मात्र चौघं ती मुद्दाम सोडताहेत, श्रोत्यांसाठी, आणि दर वेळी जरा वेगळ्या ठिकाणी. श्रोते चुकत नाहीत. आमच्याकडे दाद सुरावर पडते, इथे दादेलाच वादनात जागा करून दिलीय. चर्नी रोड आलं तरी संपलं नव्हतं. उतरले आणि फलाटावरच्या बाकावर बसून शेवट ऐकला. क्लासला उशीर झाला, मुलींना कारण सांगितलं.

भाच्याला फोन करून 'विस्तार कुठाय' हे मागे घेतलं. तो इतका बोलत सुटला की माझ्या फोनची बॅटरी संपली.

झपताल, 'हे'चा प्रकार दोन तानपुऱ्यांवर करून बघणार आहे.

रात्रपाळी, तुम्हाला एक विचारायचंय. माझ्या गुरूंच्या घरगुती बैठकींच्या अकरा कॅसेटी माझ्या कपाटात आहेत, १९८८ ते ९४ मधल्या, ९० च्याच. एकीत मारवा राग आहे, त्यात असाच 'खट्' आहे. विलंबितातून द्रुताकडे जाताना बाजू संपते, आणि बाई काय म्हणाल्या ते आता सांगायला त्या नाहीत. दुसरं कुणी रेकॉर्ड केलेलं असण्याची शक्यता नाही. निदान जे आहे ते भाच्याला नीट ऐकवायचंय. घरी टेपरेकॉर्डर आहे, पण लावायची भीती वाटते.

रात्रपाळी

अजिबात लावू नका. इतकी वर्षं पडून असलेल्या कॅसेटीतली फेल्टची गादी निखळलेली असू शकते, फीत आत अडकू शकते. आधी पेन्सिल घालून हाताने एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, सावकाश, पंखा बंद करून. कुठे चिकटतेय असं वाटलं तर तिथेच थांबा. मारव्याची कॅसेट सर्वांत शेवटी. आधी ज्यात गाणं नाही किंवा तुम्हाला कमी हवी आहे अशी एक घ्या.

माझ्याकडे चालू स्थितीतला डेक आहे. त्याचं हेड दर कॅसेटीनुसार जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर वरचे सूर मंद येतात आणि तंबोरा बसका वाटतो. रविवारी डोंबिवलीला या. अकराही आणा, फक्त लोकलमध्ये बॅग वरच्या फळीवर टाकू नका, मांडीवर ठेवा. आणि बाई ज्या जागेवर तुटतात ती जागा मला आधी गाऊन दाखवा, तुम्हाला आठवतेय तशी.