रिचर्ड्स बे ला एक दिवस: झुलू गाव + सफारी, आईबाबांना झेपेल का?

पेणचा_पक्षी: जुलैमध्ये आईबाबांना घेऊन क्रूझवर जातोय, बोट दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे बंदराला सकाळी ७ ला लागते आणि संध्याकाळी ५ ला सुटते. बोटीवरच्या टूरमध्ये झुलू गाव आणि ह्लुह्लुवे-इम्फोलोझी पार्कची सफारी एकाच दिवसात आहे. बाबा ७१, आईचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी. झेपेल का? आणि ते गाव म्हणजे नुसता टुरिस्टांसाठीचा तमाशा असतो का?

डोंबिवली_ते_डर्बन: आधी उच्चार, तिथे तो श्लुश्लुवे असा काहीतरी ऐकू येतो, आम्ही दिवसभर ह्लु ह्लु करत बसलो आणि ड्रायव्हर हसत होता. पार्क १८९५ पासून राखीव आहे, पांढरा गेंडा संपत आला होता तो इथूनच वाचला आणि १९६० च्या दशकात इथून दुसरीकडे पाठवला गेला. पण शिंगवाल्या फोटोची आशा ठेवू नका, शिकारीपायी २०२४ पासून त्यांची शिंगंच कापतात. आमच्यासमोर मायलेकरं रस्त्यात येऊन उभी राहिली, नाकावर नुसता खुंट, बघून कसंतरीच झालं. जीप उघडी असते, सकाळी थंडी बोचते, आणि चढउतार आहे, गुडघ्यांचं बघा.

सारवलेलं_अंगण: तमाशा म्हणाल तर आहेच, नाचणारे लोक दिवसाला चार ग्रुप करतात. तरी मला आवडलं. गवताची घुमटासारखी झोपडी, दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही, आणि आत शेणाने सारवून घासून चकचकीत केलेली जमीन, मला एकदम आजोळ आठवलं. ज्वारीची बिअर मडक्यातून देतात, आधी यजमान स्वतः पितो मग पाहुण्यांना. नाचताना पाय कपाळापर्यंत उचलून असा धाडकन आपटतात की बाकावर हादरा बसतो. एकाला भेटलात तर सावुबोना, चार माणसं असली की सानिबोनानी, एवढं पाठ करा, लगेच खुलतात. शाकाहारी असाल तर पुटू मागा, मक्याच्या पिठाची मोकळी उकड समजा, त्यावर आमासी म्हणजे आंबवलेलं दूध. माझ्या सासूबाईंनी दोनदा घेतलं.

खाडीकर: दोन्ही एका दिवसात नको हो, निम्मा वेळ बसमध्ये जातो. गुडघे दुखत असतील तर सेंट लुसिया गावाजवळच्या खाडीतली होडी घ्या, आरामात बसून पाणघोडे आणि मगरी दिसतात. तो सगळा पाणथळ भाग १९९९ पासून जागतिक वारसा आहे, आणि रात्री पाणघोडे चक्क गावातल्या रस्त्यावर चरायला येतात. हां, टूर बोटीचीच घ्या, परस्पर टॅक्सी केली आणि उशीर झाला तर बोट थांबत नाही. आमच्या ग्रुपमधलं एक जोडपं असंच धक्क्यावर राहिलं आणि पुढच्या बंदराला विमानाने आलं.

पेणचा_पक्षी: धन्यवाद सगळ्यांना! आईला होडी पक्की, मी आणि बाबा सफारीला. बाबा विचारतायत, ती ज्वारीची बिअर सफारीवाल्यांना मिळत नाही का?