शब्दचर्चा: ‘प्रतिवाहक’, ‘पंप’ की ‘मानस’?

विचारणा (म्हापसा): सूक्ष्मजीवशास्त्राच्या मराठी टिपा तयार करताना, जिवाणूच्या पेशीपटलातून आयनांची (विद्युतभारित कणांची) ने-आण करणाऱ्या प्रथिनांना काय म्हणावे? काही जण सरसकट ‘पंप’ लिहितात. खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) शेतीतील ‘मानस’ (बांधातले पाण्याचे दार) हा आपल्याकडचा शब्द दृष्टांतासाठी योग्य ठरेल का?

उत्तर (फोंडा): मानस सुकतीला आपोआप उघडते आणि भरतीला मिटते, पाणी चढावरून उतारावरच वाहते. हा दृष्टांत आयन-मार्गिकेला (आयनांना उतारावर वाहू देणाऱ्या वाटेला) शोभतो, वाहकाला नाही. ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूमधील ‘एनएचएए’ हे प्रथिन सोडियमचा एक आयन बाहेर टाकताना दोन प्रोटॉन (हायड्रोजनचे आयन) आत घेते. सोडियमला चढावर ढकलण्याचे बळ त्याला आत शिरणाऱ्या प्रोटॉनांकडून मिळते. दोन पदार्थ विरुद्ध दिशांनी एकमेकांवर अवलंबून सरकतात, म्हणून ‘ॲण्टिपोर्टर’साठी ‘प्रतिवाहक’ हा शब्द मला नेमका वाटतो. नुसता ‘वाहक’ मात्र टाळावा, कारण रोगप्रसाराच्या प्रकरणात त्याचा अर्थ वेगळा होतो.

‘सामू’ (पीएच, म्हणजे आम्लतेचे-अल्कतेचे माप) हा शब्द शेतीमुळे रुळलेला आहे, तो जरूर ठेवावा. भोवतालचे पाणी क्षारीय (अल्कधर्मी) झाले तरी ई. कोलाय आपल्या पेशीद्रवाचा सामू साधारण ७.५ च्या आसपास राखतो, आणि त्यासाठी सोडियम बाहेर टाकून प्रोटॉन आत ओढणारे प्रतिवाहक त्याला लागतात. हे वाक्य विद्यार्थ्याला कळले की मिठाचा आणि सामूचा प्रश्न पेशीपुरता एकच कसा होतो, हेही कळते.

खरी अडचण ‘औषधरोधी पंप’ या नावात आहे. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक जिवाणूच्या पेशीबाहेर टाकले जाते, हे संशोधक स्टुअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये दाखवले. ‘टेटए’ प्रथिन मॅग्नेशियमशी जोडलेले औषध बाहेर टाकते आणि बदल्यात प्रोटॉन आत घेते, म्हणजे तेही प्रतिवाहकच. ई. कोलायचे ‘एमडीएफए’ अनेक औषधे बाहेर फेकते, पण क्षारीय माध्यमात सोडियम किंवा पोटॅशियम देऊन प्रोटॉन घेण्याचे कामही करते. अशा प्रथिनाला केवळ आपल्या औषधावरून नाव दिले, तर जिवाणूला त्याचा आणखी काय उपयोग आहे, हे झाकले जाते. यंत्रणा सांगताना ‘प्रतिवाहक’ आणि परिणाम सांगताना ‘निष्कासन’ (बाहेर टाकणे) लिहावे. ‘उत्सर्जन’ नको, त्यातून चयापचयातील टाकाऊ पदार्थ सुचतात.

पुरवणी (मडगाव): ‘प्रतिकार’ऐवजी ‘रोध’ लिहावा, अशी माझी सूचना आहे. ‘प्रतिजैविक-प्रतिकार’ वाचून रुग्णाची प्रतिकारशक्तीच डोळ्यांसमोर येते आणि औषधाची सवय शरीराला झाली असा समज होतो. प्रत्यक्षात औषधाला दाद देत नाही तो जिवाणू.

उत्तर (फोंडा): मान्य, मात्र पहिल्या उल्लेखात ‘जिवाणूंमधील प्रतिजैविक-रोध’ असे पूर्ण लिहावे.