मुक्तिनाथ यात्रा: पोखरा ते जोमसोम छोट्या विमानाने की जीपने? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आई-बाबा, आत्या आणि सुदामानगरच्या आमच्या भजनी मंडळातले काही काका-काकू नेपाळमधल्या मुक्तिनाथला निघालेत. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. बुकिंग इंदूरच्याच एका यात्रा कंपनीकडे आहे. कार्यक्रमपत्रिकेत "पोखरा–जोमसोम विमानाने" एवढंच छापलंय (जोमसोम हे मुक्तिनाथजवळचं विमानतळाचं गाव). विमान कोणत्या कंपनीचं, असं विचारलं तर "ते तिथे गेल्यावर ठरतं ताई, काळजी करू नका" म्हणाले. उरलेले पैसे याच आठवड्यात भरायचेत, म्हणून घाईने विचारतेय.

या मार्गावर तारा एअरचं नाव सारखं येतं, म्हणून तिचा इतिहास वाचायला घेतला. २००९ साली निघालेली, यती एअरलाइन्सच्या घरातलीच ही छोटी कंपनी. २४ फेब्रुवारी २०१६ला तिचं ट्विन ऑटर, म्हणजे दोन इंजिनांचं छोटं विमान, पोखऱ्याहून जोमसोमला जाताना डोंगरावर आदळलं, २३ जण गेले. २९ मे २०२२ला पुन्हा तोच मार्ग, पुन्हा ट्विन ऑटर, २२ जण गेले. त्यात मुंबईकडचं चौघांचं एक कुटुंब होतं. हे वाचल्यापासून आत्याच्या हातातली यात्रेची यादी बघवत नाही.

मला वाटलं होतं, जुनी विमानं असतील. पण २०२२चं विमान १९७९ सालचं होतं आणि २०१६चं जवळजवळ कोरं! दोन्ही चौकशी अहवालांत कारण साधारण एकच दिसतं. ही उड्डाणं वैमानिकाने बाहेर डोळ्यांनी बघत करायची असतात, ढगात शिरायचं नसतं. दोन्ही वेळा विमान ढगात गेलं, वाट सुटली आणि चालू स्थितीतलं विमान डोंगराला धडकलं. म्हणजे विमान किती जुनं, यापेक्षा ढग दिसत असताना निघायचं की थांबायचं, हे कोण आणि कुठल्या दबावाखाली ठरवतं, हा खरा प्रश्न आहे असं माझं मत झालंय.

डिसेंबर २०१३मध्ये युरोपीय संघाने नेपाळच्या सगळ्याच विमान कंपन्यांवर बंदी घातली. सगळ्याच यादीत म्हटल्यावर त्यातली बरी कोणती, हे त्यावरून कळत नाही.

माझे प्रश्न:
वयस्कर माणसांना घेऊन कुणी पोखऱ्याहून जोमसोमला रस्त्याने गेलंय का? बाबांचे गुडघे दुखतात आणि बीपीची गोळी चालू आहे.
विमान कंपनीचं नाव आधी लेखी मागणं रास्त आहे ना?
हवा खराब असेल तर राखीव दिवस मागता येतो का?

– मृण्मयी_इंदूर

प्रतिसाद: रानवाट

मृण्मयीताई, नाव लेखी मागाच, पण राखीव दिवस त्याहून महत्त्वाचा. जोमसोम काली गंडकीच्या खोऱ्यात आहे. दिवस वर आला की तिथे जोराचा वारा सुटतो, म्हणून विमानं सकाळीच उडतात. सकाळ ढगाळ गेली की तो दिवस गेलाच म्हणायचा. पुढचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं असेल तर प्रवासी, एजंट, कंपनी सगळेच "निघू या" म्हणायला लागतात. तुमच्या गटाने तरी तसा आग्रह धरू नये.

१४ मे २०१२चा अग्नी एअरचा अपघातही वाचा. जोमसोमलाच उतरताना पहिला प्रयत्न सोडून विमान वळलं आणि पंख डोंगराला लागला. २१ पैकी १५ गेले, त्यात बरेच आपल्याकडचे यात्रेकरू होते.

रस्ता बेनी, तातोपानीवरून जातो. आम्ही आईला घेऊन जीपने गेलो होतो. अख्खा दिवस जातो, हाडं खिळखिळी होतात. तातोपानीला मुक्काम केला, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, गुडघ्यांना बरं वाटलं. पावसाळ्यात दरडी कोसळतात, दिवाळीनंतर त्रास कमी. मात्र अंधारात गाडी चालवू देऊ नका, तो रस्ताही काही सोपा नाही.

प्रतिसाद: शिप्राकाठ

बीपी आहे म्हणता, तर उंचीचं आधी बघा. पोखरा साधारण ८०० मीटर, जोमसोम २,७००, मुक्तिनाथ ३,७००च्या वर. विमानाने अर्ध्या तासाच्या आत जोमसोमला पोचाल, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. जीपने मुक्काम करत गेलात तर चढ हळूहळू होतो. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. विम्यात हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च धरलाय का, तेही तपासा.

मृण्मयी_इंदूर

दोघांचेही मनापासून आभार. उंचीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आज यात्रा कंपनीला ईमेल केला: विमान कंपनीचं नाव कळवा, पोखऱ्यात एक दिवस राखीव ठेवा, आणि हवा खराब असल्यास विमानाचे पैसे वळते करून जीप द्या. लेखी उत्तर आल्याशिवाय उरलेली रक्कम भरायची नाही, असं घरात ठरलंय. आत्या जीपला तयार आहे, बाबा अजून विमानच म्हणतायत.

रानवाट, तातोपानीला पायऱ्या फार न चढता राहता येईल अशी जागा मिळते का? आणि जीप बेनीला बदलावी लागते की पोखऱ्याची गाडी थेट जोमसोमपर्यंत जाते?